आल्याच्या वाणांमधली अँटिऑक्सिडंट तुलना : शेतातल्या गड्ड्यापासून अंतिम आकड्यापर्यंत

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एमएस्सीचे विद्यार्थी प्रकल्प घेऊन येतात. ‘आल्याच्या तीन वाणांतील अँटिऑक्सिडंट घटकांचा तुलनात्मक अभ्यास’ हा विषय त्यांच्या फार आवडीचा, कारण आले स्वस्त मिळते आणि डीपीपीएच या चाचणी-रसायनाचा जांभळा रंग अँटिऑक्सिडंट मिळताच डोळ्यांदेखत उतरतो. आलेख छान, तक्ते छान. मग मी विचारतो, “हे तीन वाण आणले कुठून?” उत्तर येते, “मंडईतून, सर.” तुलना तिथेच संपते.

जो फरक वाणातला म्हणून मांडला जातो, तो बहुतेक वेळा आल्याच्या वयाचा, वाळवणीचा किंवा पातळ करताना चुकलेल्या गणिताचा निघतो. आले बियांपासून येत नाही, बेण्यापासून येते. फुलले तरी सहसा बी धरत नाही. त्यामुळे एका वाणाची सगळी रोपे म्हणजे एकाच रोपाच्या नकला. वाणावाणांत फरक असतो, पण तो हाताळणीतल्या निष्काळजीपणाखाली सहज दबून जाईल इतकाच. म्हणून खालचा क्रम पाळा. निम्मे काम रसायनांच्या बाटल्या उघडण्याआधीचे आहे.

## टप्पा १ : प्रश्न एका ओळीत लिहा

“कोणते आले जास्त चांगले?” हा प्रश्न मोजता येत नाही. “एकाच शेतात, एकाच दिवशी लावलेल्या आणि एकाच दिवशी काढलेल्या माहिम, वरदा आणि महिमा या वाणांत कोरड्या वजनाच्या प्रतिग्रॅम एकूण फिनॉलिक घटक (अँटिऑक्सिडंट गुण असलेला रसायनांचा एक गट) किती?” हा मोजता येतो.

‘कोरड्या वजनाच्या’ हे शब्द सोडू नका. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या माहितीनुसार महिमा वाणाचा सुंठेचा उतारा साधारण २३ टक्के, तर रेजाथाचा १९ टक्के. समजा दोघांच्या कोरड्या भागात फिनॉलिक अगदी सारखे आहेत. तरी ओल्या वजनावर हिशेब मांडला की महिमा पाचवा हिस्सा वरचढ दिसेल. फरक पाण्याचा, आणि श्रेय वाणाला.

तुलनेतले सगळे नमुने खरोखर आल्याचेच आहेत ना, तेही पाहा. आंबेहळद आल्यासारखी दिसते, पण ती हळदीच्या प्रजातीतली (कुर्कुमा), आल्याच्या नव्हे. तिला ‘आल्याचा प्रकार’ म्हणून तक्त्यात बसवलेले मी दोनदा पाहिले आहे.

## टप्पा २ : नमुना गोळा करणे

इथे घाई केली तर पुढचे सगळे फुकट जाते.

मंडईत ‘सातारी’ म्हणून मिळते ते व्यापारातले नाव झाले, वाणाचे नव्हे. त्यातच नवे आले आणि जुने आले असा भेद असतो. आपल्याकडे लागवड एप्रिल-मे महिन्यांत होते आणि पीक साडेआठ-नऊ महिन्यांत तयार होते. ओल्या विक्रीसाठी सहाव्या महिन्यापासूनच काढणी सुरू होते, आणि भाव पडला तर शेतकरी आले जमिनीतच ठेवतो. म्हणजे एकाच टोपलीत सहा महिन्यांचे आणि चौदा महिन्यांचे आले शेजारी-शेजारी असू शकते. वयाप्रमाणे तंतू, तेल आणि जिंजेरॉल (आल्याला तिखटपणा देणारा घटक) सगळेच बदलते.

काय करायचे :

१. कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र किंवा बेण्याची पावती जपून ठेवणारा शेतकरी गाठा. साताऱ्यात कोरेगाव-कराडकडे, मराठवाड्यात कन्नड-फुलंब्रीकडे असे शेतकरी भेटतात. दोन वाण एकाच शेतात मिळाले तर ते चार जिल्ह्यांतून आणलेल्या चार वाणांपेक्षा मोलाचे.

२. प्रत्येक वाणाचे किमान चार गड्डे घ्या, तेही गादीवाफ्याच्या वेगवेगळ्या भागांतून. वाफ्याच्या टोकाचा गड्डा टाळा. हे चार नमुने शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे, एकत्र करायचे नाहीत.

३. प्रत्येक पिशवीवर वाण, लागवडीची तारीख, काढणीची तारीख, वाफा क्रमांक. कंदकूज झालेला, कोंब फुटलेला किंवा कुदळीने कापलेला गड्डा घेऊ नका.

४. बेण्याचा जुना तुकडा गड्ड्याला चिकटून आला असेल तर तो काढून टाका. तो मागच्या हंगामातला आहे.

सावधान : एकच अर्क तीन परीक्षानळ्यांत ओतून तीन वाचने घेतली, तर ती पुनरावृत्ती तुमच्या हाताची झाली, वाणाची नाही. ‘न (नमुन्यांची संख्या) बरोबर ३’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा, तीन काय? नळ्या की गड्डे?

## टप्पा ३ : धुणे, सोलणे, कापणे

माती वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने काढा. रात्रभर भिजवत ठेवू नका. पुसून पंख्याखाली अर्धा तास ठेवा आणि मग ओले वजन घ्या.

सोलायचे की नाही? दोन्ही चालते, पण सगळ्या नमुन्यांना एकच नियम. तेलाच्या पेशी सालीच्या लगेच खाली दाट असतात. एका वाणाची बोटे जाड आणि सरळ, दुसऱ्याची बारीक आणि वेडीवाकडी असली, तर सुरीने सोलताना दुसऱ्याचा कामाचा भाग जास्त जातो. म्हणून मी सोलायला सांगतच नाही. साल ठेवा आणि अहवालात तसे लिहा.

काप २ ते ३ मिलिमीटर जाडीचे. स्वयंपाकघरातली बटाट्याच्या वेफर्सची किसणी इथे सुरीपेक्षा भरवशाची, कारण जाडी सारखी येते. कापल्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे एन्झाइमांचे काम सुरू होते आणि काप तपकिरी पडू लागतात. म्हणून एका वेळी एकच नमुना कापा, ट्रेमध्ये पसरा आणि ओव्हनमध्ये सरकवा. बारा नमुने कापून ठेवून चहाला जाऊ नका.

## टप्पा ४ : वाळवण

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे बिघडतात, म्हणून जरा थांबू.

ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः ६-जिंजेरॉलचा. त्याच्या रेणूत एक हायड्रॉक्सिल गट असा बसला आहे की उष्णता मिळताच पाण्याचा एक रेणू सुटतो आणि ६-शोगाओल तयार होते. सुंठ ओल्या आल्यापेक्षा वेगळी झोंबते ती यामुळेच. शोगाओल हे जिंजेरॉलचे बिघडलेले रूप समजू नका. डीपीपीएच चाचणीत ते उलट जास्त जोरकस ठरते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ६-जिंजेरॉलचा आयसी-५० (निम्मा रंग उतरवायला लागणारी पातळी) सुमारे २६ मायक्रोमोलर आला होता, तर ६-शोगाओलचा सुमारे ८. आकडा कमी म्हणजे जोर जास्त.

आता कल्पना करा. माहिमचे ट्रे ओव्हनच्या वरच्या कप्प्यात, गरम पट्टीजवळ. वरदाचे ट्रे खाली. माहिममध्ये शोगाओल जास्त बनले, तिची क्रिया जास्त दिसली, आणि प्रबंधात छापले गेले की माहिम श्रेष्ठ. तुम्ही ओव्हनचे कप्पे मोजले.

पद्धत :

१. गोठवून सुकवण्याचे यंत्र उपलब्ध असेल तर तेच वापरा. नसेल तर हवा खेळती ठेवणारा ओव्हन, ४० ते ४५ अंश सेल्सिअस.

२. काप एका थरात. दर चार तासांनी ट्रेंच्या जागा बदला. कोणता ट्रे कुठे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.

३. चार तासांच्या अंतराने घेतलेली दोन वजने जवळजवळ सारखी आली की थांबा. काप वाकण्याऐवजी कट्‌ आवाज करून तुटला पाहिजे.

४. उन्हात वाळवू नका. सुंठ करायला ऊन उत्तम, तुलनेला नाही. ढग आला की दोन नमुन्यांची कहाणी वेगळी होते.

तपासा : ५०० ग्रॅम ओल्या आल्यापासून साधारण ९५ ते १२० ग्रॅम कोरडे काप यायला हवेत. १५० ग्रॅम आले तर ते वाळलेले नाहीत, पुन्हा ओव्हनमध्ये घाला.

सावधान : ओलावा मोजण्यासाठी म्हणून काहीजण सगळा नमुना १०५ अंशांवर ठेवतात आणि त्याचाच अर्क काढतात. ओलाव्यासाठी २ ग्रॅम पूड वेगळी काढा आणि मोजून झाली की टाकून द्या. आल्यात उडून जाणारे तेल असते, ते १०५ अंशांवर पाण्याबरोबर जाते आणि ओलावा थोडा जास्त दिसतो. मसाल्यांसाठी टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी मोजण्याची पद्धत आहे ती याचसाठी. काचसामान असेल तर ती वापरा.

## टप्पा ५ : दळणे आणि साठवण

मिक्सर दहा सेकंद चालवायचा, तीस सेकंद थांबवायचा. सलग दोन मिनिटे फिरवलेले भांडे हाताला किती चटका देते ते आठवा. पूड ४० नंबरच्या चाळणीतून काढा. चाळणीवर उरलेले तंतू फेकू नका, पुन्हा दळून सगळे चाळणीतून गेले पाहिजे. तंतुमय वाणाचे तंतू फेकले की मागे राहिलेली पूड आपोआप ‘समृद्ध’ होते.

गडद रंगाच्या बाटल्या, घट्ट झाकण, उणे २० अंशांचे फ्रीझर. बाटली बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ पुडीवर बसते.

## टप्पा ६ : अर्क काढणे

जिंजेरॉल पाण्यात जेमतेम विरघळते. नुसत्या पाण्याचा काढा करून ‘आल्यातले अँटिऑक्सिडंट’ मोजले तर मुख्य मंडळी चोथ्यातच राहतात. ८० टक्के मिथेनॉल किंवा ८० टक्के इथेनॉल घ्या. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे. धूरकक्षातच काम करा, जवळ बर्नर नको, आणि तोंडाने पिपेट ओढायची जुनी सवय असलेल्यांनी ती सोडावी.

१. १.००० ग्रॅम पूड अचूक तोलून झाकणाच्या नळीत घ्या.

२. १५ मिलि द्रावक घाला आणि खोलीच्या तापमानावर एक तास हलवणीवर ठेवा. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव वेगळा काढा.

३. उरलेल्या चोथ्यावर हेच आणखी दोनदा करा. तिन्ही द्रव एकत्र करून ५० मिलिच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा. आता प्रत्येक मिलिमध्ये २० मिग्रॅ पुडीचा अर्क आहे. हा आकडा प्रयोगवहीत ठळक लिहा, पुढे प्रत्येक पायरीला लागेल.

सॉक्सलेट उपकरण दिसायला रुबाबदार, पण त्यात अर्क तासन्‌तास उकळत राहतो. जिंजेरॉलच्या तुलनेसाठी ते नकोच.

एक बारीकशी गोष्ट. नळ्यांवर मार्कर पेनने लिहिले आणि हाताला मिथेनॉल लागले की नावे पुसली जातात. माझ्या एका तुकडीचे बारा नमुने असेच अनाथ झाले. कागदी चिकटपट्टीवर शिसपेन्सिलीने लिहा.

तपासा : चौथ्यांदा काढलेल्या अर्काची एक नळी वेगळी मोजून पाहा. त्यात अजून बरेच फिनॉलिक दिसले तर तीन वेळा पुरेसे नाही, किंवा पूड जाड आहे.

## टप्पा ७ : एकूण फिनॉलिक घटक

फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक (फिनॉलिक घटकांशी मिळून निळा रंग देणारे रसायन) पिवळा असावा. हिरवट झाक दिसली तर तो आधीच क्षपित (रिड्यूस) झालेला आहे, ती बाटली बाजूला ठेवा.

१. गॅलिक आम्लाची (तुलनेसाठी घेतलेल्या ठरावीक फिनॉलिक रसायनाची) प्रमाण द्रावणे : २०, ४०, ६०, ८०, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. रोज ताजी.

२. अर्क पाचपट पातळ करा. वाचन या द्रावणांवरून आखलेल्या प्रमाण रेषेच्या आत पडले पाहिजे. बाहेर गेले तर रेषा लांबवू नका, अर्क आणखी पातळ करा.

३. ०.५ मिलि नमुना, त्यात दहापट पातळ केलेला अभिकर्मक २.५ मिलि. पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडिअम कार्बोनेट २ मिलि.

४. अंधारात ३० मिनिटे ठेवून ७६५ नॅनोमीटरवर वाचन.

क्रम उलटा करू नका. अभिकर्मक अल्कधर्मी द्रावणात टिकत नाही. कार्बोनेट आधी घातले तर तो फिनॉलला भेटण्याआधीच मरायला लागतो. आणि नळ्या तीसच्या तीस एकदम भरू नका. पहिल्या नळीला ३० मिनिटे झाली तेव्हा शेवटचीला १८ झालेली असतात. प्रत्येक नळीत कार्बोनेट अर्ध्या मिनिटाच्या अंतराने घाला आणि त्याच अंतराने वाचा.

हिशेब : समजा रेषेवरून ६० मायक्रोग्रॅम प्रति मिलि आले. ६० × ५ (पातळ केलेले) × ५० (एकूण मिलि) = १५,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम पुडीत १५ मिग्रॅ गॅलिक आम्लाइतके. पुडीत ८ टक्के ओलावा राहिला असेल तर १५ ÷ ०.९२ = १६.३ मिग्रॅ प्रतिग्रॅम कोरडे वजन.

हा अभिकर्मक फक्त फिनॉलशीच बोलत नाही. क जीवनसत्त्व, क्षपणक्षम शर्करा यांनाही तो प्रतिसाद देतो. त्यामुळे ‘एकूण फिनॉलिक’ हा अंदाजाचा शब्द आहे, आणि तो तसाच वापरावा.

## टप्पा ८ : डीपीपीएच चाचणी

३.९४ मिग्रॅ डीपीपीएच १०० मिलि मिथेनॉलमध्ये विरघळवले की ०.१ मिलिमोलर द्रावण होते. फ्लास्कला फॉइल गुंडाळा आणि त्याच दिवशी वापरा. ५१७ नॅनोमीटरवर शोषण साधारण १ च्या आसपास किंवा थोडे वर असावे. फारच कमी आले तर पूड जुनी आहे किंवा नीट विरघळलेली नाही.

१. मूळ अर्कापासून ८, ४, २, १ आणि ०.५ मिग्रॅ प्रति मिलि अशी मालिका करा.

२. २.९ मिलि डीपीपीएच, त्यात ०.१ मिलि अर्क. नियंत्रण नळीत अर्काऐवजी ०.१ मिलि तेच ८० टक्के मिथेनॉल, पाणी नव्हे.

३. प्रत्येक पातळीला एक रंगनळीही ठेवा : अर्क अधिक नुसते मिथेनॉल. आल्याचा अर्क पिवळसर असतो, त्याचे स्वतःचे शोषण वजा करावे लागते.

४. अंधारात ३० मिनिटे, मग वाचन.

५. टक्केवारी = (नियंत्रण − नमुना) ÷ नियंत्रण × १००.

इथल्या तीन चुका इतक्या ठरलेल्या आहेत की मी त्या आता प्रयोगवहीच्या पहिल्या पानावरच लिहून घेतो.

पहिली : एकाच तीव्र पातळीवर तुलना. सगळे वाण ९३, ९४, ९५ टक्के दाखवतात आणि विद्यार्थी ९५ वाल्याला विजेता ठरवतो. त्या नळ्यांत डीपीपीएच संपलेले असते, मोजण्यासारखे काही उरलेलेच नसते. २० ते ८० टक्क्यांमधलेच बिंदू वापरून आयसी-५० काढा.

दुसरी : आयसी-५० कशाचा ते न सांगणे. ४ मिग्रॅ प्रति मिलिचा ०.१ मिलि अर्क ३ मिलिमध्ये गेला की नळीत तो १३३ मायक्रोग्रॅम प्रति मिलि होतो. एकजण ४,००० लिहितो, दुसरा १३३. तीसपट फरक, आणि दोघांचे आले तेच! अंतिम मिश्रणातली पातळी लिहा, आणि ती पुडीची की सुकवलेल्या अर्काची हेही लिहा.

तिसरी : आयसी-५० जास्त म्हणून वाण चांगला, असे लिहिणे. उलटे आहे. कमी पुडीत निम्मा रंग उतरवणारा वाण जोरकस.

तपासा : एका वाणाची मोठी पूड ‘घरचा नमुना’ म्हणून राखून ठेवा आणि रोज तो मोजा. सोमवारी आणि गुरुवारी त्याचा आयसी-५० बराच वेगळा आला, तर त्या दोन दिवसांचे वाण एकमेकांशी ताडून पाहू नका.

## टप्पा ९ : एचपीएलसी, जमले तर

स्वतःच्या महाविद्यालयात एचपीएलसीचे (मिश्रणातला एकेक घटक वेगळा करून मोजणारे) यंत्र नसेल तर निदान प्रत्येक वाणाचे दोन अर्क बाहेर पाठवा. सी-१८ स्तंभ, अ‍ॅसिटोनायट्राइल आणि पाणी, २८० नॅनोमीटरच्या आसपास शोधक. ६, ८, १०-जिंजेरॉल आणि ६-शोगाओल यांची प्रमाणद्रव्ये मागा.

तुमच्या कामाचा आकडा आहे शोगाओल आणि जिंजेरॉल यांचे गुणोत्तर. एकाच वाणाच्या चार नमुन्यांत ते वरखाली असेल तर वाळवण सारखी झालेली नाही, टप्पा ४ पुन्हा करा. ओल्या आल्याच्या ताज्या अर्कात शोगाओल अगदी थोडे असते, तो एक नमुना संदर्भाला ठेवा.

## टप्पा १० : आकडे वाचणे

वाणांची सरासरी, प्रमाण विचलन आणि एकमार्गी विचरण विश्लेषण (अनोव्हा), न म्हणजे गड्ड्यांची संख्या. फरक लक्षणीय निघाला नाही तर तसेच लिहा. पुष्कळ वेळा तो निघत नाही, आणि तो निष्कर्षच आहे.

ओलिओरेझिन जास्त म्हणून अँटिऑक्सिडंट जास्त, असे परस्पर धरू नका. ओडिशातल्या पोट्टंगी केंद्राच्या सुरुची-सुरभी वाणांचे ओलिओरेझिन १० टक्क्यांच्या आसपास नोंदलेले आहे, महिमाचे साडेचारच्या आसपास. पण ओलिओरेझिनमध्ये तेल, मेद, राळ सगळेच येते. तुमच्या मोजणीत दोन्ही एका दिशेने गेले तर लिहा, गेले नाहीत तर तेही लिहा.

शेवटच्या पानावर “म्हणून हा वाण कर्करोगावर उपयुक्त” असे वाक्य दिसले की मी लाल पेन काढतो. परीक्षानळीत एका जांभळ्या रसायनाचा रंग उतरला, एवढेच तुम्ही पाहिले आहे.

प्रत्येक नमुन्याची २० ग्रॅम पूड फ्रीझरमध्ये राखून ठेवा आणि बाटलीवर ‘टाकू नये’ असे लिहा, तेही शिसपेन्सिलीने. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक एखादे वाचन पुन्हा मागतात, आणि तोवर शेतातले आले कधीच बाजाराला गेलेले असते.